पातं म्हणजे कळी? कसं काय मास्तर?

काळी माती, राळेगाव:
काल एका मास्तरांनी कपाशीबद्दल लिहिलं, "पातं, पातेगळ हे बोलीतले ढिले शब्द आहेत. शास्त्रात कळी असते आणि फूल असतं, मधलं तिसरं काही नसतं. कृषी संदेशांत सरसकट कळी लिहावं." खाली बऱ्याच जणांनी मान डोलावली. मला राहवलं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

पेरणीपासून दीडेक महिन्यात पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, लागतं ते पातं. तीन दातेरी हिरवी पानं, पुस्तकात त्यांना छदं म्हणतात, आणि त्यांच्या तिकोनी मुठीत मिटलेली कळी. दोन्ही मिळून पातं. तिथून फूल उमलायला तीनेक आठवडे लागतात. पहिल्या दिवशी दुधी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग पाकळ्या गळतात आणि बोंड धरतं. डोमकळी याहून वेगळी. तिच्यात गुलाबी बोंडअळी बसलेली असते, पाकळ्या अळीच्या धाग्यांनी चिकटतात आणि फूल उमलतच नाही.

आता नुसतं "कळी" लिहिलं तर यातली कोणती समजायची? आमच्या धुऱ्याला लागून असलेल्या वावरात हेच घडलं. सल्ल्यात "डोमकळ्या तोडून नष्ट करा" होतं. कोणीतरी शब्द शुद्ध करून "कळ्या तोडून नष्ट करा" असं पुढं ढकललं. मालकाच्या पोरानं तेच वाचून मजूर बायांना सांगितलं. दुपारपर्यंत चांगल्या पात्यांनी टोपलं भरलं होतं. मालक धुऱ्यावर डोक्याला हात लावून बसला. मास्तर, हा तुमचा शुद्धपणा.

मास्तर, दर्यापूर:
संदेश बिघडवला कोणी आणि दोष वनस्पतिशास्त्राला? पात्याच्या आत जे आहे ती कळीच, हे तुम्हीच लिहिलंत. मी शाळेत फुलाचे भाग शिकवतो. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. पोरं घरून पऱ्हाटीचं पातं आणतात आणि ती तीन दातेरी पानं म्हणजेच निदलपुंज असं लिहून मोकळी होतात. खरा निदलपुंज आत असतो, पाकळ्यांच्या बुडाशी, लहानशा वाटीसारखा. जास्वंद पऱ्हाटीच्याच कुळातली, तिलाही निदलपुंजाबाहेर बारीक पानांचं कडं असतं. सगळ्याला मिळून एकच शब्द वापरायची सवय लागली की पोरांना आतलं दिसतच नाही. माझा राग त्यावर आहे, तुमच्या बोलीवर नाही.

आर्वीची ताई:
मास्तर, पुस्तकातलं तुमचं खरं असन. पण तास धरून आम्ही बाया चालतो. मालक "कळी तोडा" म्हणन तं आम्ही काय तोडावं? त्या टोपल्याचा बोल बायांवरच आला असन, फोनवाल्यावर कोणी गेलं नसन. डोमकळी आमाले लांबून ओळखू येते. तोंड मिटलेलं, पाकळ्या पिळल्यावानी. पण तसं सांगा तं खरं. आन आणखी एक, दुसऱ्या दिवसाचं गुलाबी फूल पाहून लोकं "गुलाबी अळी आली" म्हणून पंप काढतात. तेही थांबवा.

वणीकर:
शब्दाचं जाऊ द्या, पातेगळीवर कोणी बोलन का? पावसानं दडी मारली, मंग एकदम कोसळला, वावरात पाणी साचलं. पात्यांचा खाली सडा. कृषी केंद्रात गेलो तं एकामागून एक बाटल्या हाती दिल्या, फुलाची, पात्याची, "सेटिंग"ची. पैसे गेले, पाते गेले ते गेलेच.

बियाणं-खत दुकान:
सगळ्या दुकानदारांना एका दोरीत बांधू नका. एनएए हे वाढीचं संप्रेरक पातेगळीसाठी शिफारशीत आहे, मी मनानं देत नाही. तुम्ही उधारीवर नेता, दोन औषधं एका पंपात कालवता आणि नाव आमचं घेता.

वणीकर:
कालवायला कोण सांगते? तुमच्याच काउंटरवर चिठ्ठी लिहून भेटते! २०१७ ले यवतमाळात फवारता फवारता माणसं मेली, वीसच्या वर. माझा चुलतभाऊ तवा आठ दिवस दवाखान्यात होता, डोळ्याले दिसत नव्हतं. उधारीच्या गोष्टी मले नका सांगू.

बियाणं-खत दुकान:
त्या सालाचं दुःख आम्हाला नाही असं समजता का? माझंही वावर आहे. पण पऱ्हाटी लागलेलं सगळंच कधी धरत नसते. निम्म्याहून जास्त पाते-बोंडं गाळणं हा तिचा स्वभाव आहे. हे सांगितलं तर गिऱ्हाईक म्हणतं "याच्याजवळ माल नाही" आणि पुढच्या दुकानात जातं. तिथं मात्र तीन बाटल्या घेतं.

काळी माती, राळेगाव:
भांडण चाललंच आहे तर कामाचं बोलतो. खाली पडलेलं पातं उचलून पाहा. त्याला छिद्र असेल, विष्ठा दिसत असेल तर बोंडअळी. छिद्र नसेल तर बहुतेक पाण्याचा ताण, साचलेलं पाणी, ढगाळ हवा किंवा अन्नद्रव्याची कमी. अळीचं औषध त्यावर मारून काय होणार? गुलाबी अळीसाठी कामगंध सापळे आहेत, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे. सलग तीन दिवस सापळ्यामागे रोज आठ पतंग आले की मग फवारणीचा विचार. आमचा "पातेगळ" हा शब्दही दोन वेगळी कारणं एकात गुंडाळतो, एवढं मास्तरांचं मानायला लागेल. एवढंच.

मास्तर, दर्यापूर:
एवढं तर एवढं. फळ्यावर पातं लिहीन आणि आत कळी दाखवीन. पण छद आणि निदलपुंज वेगळे काढून दाखवल्याशिवाय एकाही पोराला गुण देणार नाही. आणि सरसकट "कळी" लिहा म्हटलं होतं, ते संदेशांपुरतं मागे घेतो. वर्गापुरतं नाही.

आर्वीची ताई:
गुण द्या नका देऊ, तुमची मर्जी. पण संदेशात डोमकळीचा फोटो टाका, अन् बाजूले चांगल्या पात्याचा. आमच्या टोळीत निम्म्या बायाले वाचता येत नाही.

बियाणं-खत दुकान:
फोटो मी काढून देतो, दुकानासमोरच वावर आहे. वणीकर, गळलेली दहा-वीस पाती घेऊन या, फोडून पाहू. छिद्र नसलं तर बाटली विकणार नाही.

वणीकर:
येतो. मागची बिलंही आणतो.