चित्र कुठं थांबवायचं हे आतून कळतं का?

राजारामपुरीकर: नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली, रविवारी सकाळी कोल्हापुरात रंकाळा तळ्यावर बसून वॉटरकलर करतोय. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, पडला की आतून वाटतं बास, आता हात लावू नको. पण तो आवाज इतका बारीक असतोय की तेवढ्यात कोणतरी मागं येऊन उभारतं, "अजून किती राहिलंय?" विचारतं आणि मी गडबडून अजून एक हात मारतो, मग अजून एक, आणि पाण्यावरचा तो चंदेरी उजेड जातो, नुसता चिखल उरतो. असे पंधरा-वीस कागद घरात पडलेत. हे ऐकायला शिकता येतं का, का ते उपजतच लागतं?

घाटावरचा: भावा, येतं शिकता. आधी साधी गोष्ट बघ, ओला वॉश गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, म्हणून तुला वाटतं काहीतरी कमी पडलं आणि तू परत घुसतोस. कागदाची चकाकी गेली पण मागनं हात लावला तर गार लागतोय, ती वेळ सगळ्यात वाईट. तेव्हा पाण्याचा ब्रश लागला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात. तेवढा वेळ ब्रश खाली ठेवायचा आणि तळ्याकडं बघायचं. आणि पेटी उघडायच्या आधी वीस मिनिटं नुसतं बस, मोबाईल गाडीच्या डिकीत. आबालाल रहिमान, आपल्या शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, १९३१ ला गेले, त्यांनी हाच रंकाळा, तळ्यातला हाच दगडी संध्यामठ रंगवलाय. मूळ चित्रं बघायला मिळाली तर पाण्यापाशी थांब, घाई कुठं दिसत नाही.

गंगावेशची सून: दादा, मला चित्रातलं कळत नाही पण आमच्यात गणपती करतात. मामंजी डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करतात, पहाटे, रेडिओ बंद, आम्हाला पण बोलायला बंदी. कोरडा ब्रश हवेत डोळ्यासमोर फिरवत राहतात, तीन-चारदा, मग एकदम रेघ. आणि कधीकधी तसेच उठतात, "आज न्हाई" म्हणतात. गिऱ्हाईक दारात असलं तरी. पहिल्या वर्षी मला राग यायचा, ऑर्डरी तुंबायच्या. आता त्यांचा खांदा बघून मला आधीच कळतं आज होणार का नाही.

चित्रकलेच्या बाई: वरचं पटलं, पण एक सांगते. भीती पण आतूनच बोलते हो, आणि ती भरभर बोलते. "लोक काय म्हणतील, पैसे वाया गेले" असं वाक्यात काही ऐकू आलं तर ती भीती. दुसरं जे असतं त्याला शब्द नसतात, हात जरा जड होतो एवढंच. ते ओळखायला खूप स्केचिंग लागतं, रोजचं, स्वस्तातल्या कागदावर. नुसतं शांत बसून हाताला काही येत नाही. आणि ते पंधरा-वीस कागद टाकू नका, प्रत्येकावर पेन्सिलीनं खूण करा, कुठं थांबायला पाहिजे होतं ती.

राजारामपुरीकर: बाई, काल रात्री बसून खुणा केल्या. बहुतेक कागदांवर खूण एकाच जागी आली, संध्यामठाची सावली पाण्यात टाकायच्या जरा आधी. म्हणजे मला दरवेळी कळत होतं. येत्या रविवारी सावली न टाकता कागद घरी आणतो, काय होतं ते इथंच सांगतो. आणि ताई, ते कोरडा ब्रश हवेत फिरवायचं मामंजींना विचारून सांगाल का, नजर तेव्हा नेमकी कुठं असते त्यांची?