सामासिक अंतर माफ करणं थांबवा: पुनर्वसन इमारती, नगररचना आणि क्षयरोग

नकाशापलीकडे
चर्चेसाठी मुद्दा एकच. झोपडपट्टी पुनर्वसन आणि प्रकल्पग्रस्तांच्या इमारतींमधलं अंतर (नियमाच्या भाषेत सामासिक अंतर, इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) ही आरोग्याची बाब आहे. अधिमूल्य (सवलतीसाठीचं जादा शुल्क) भरून किंवा 'विशेष बाब' म्हणून ते शिथिल करण्याचा अधिकार कोणालाच असू नये.

पार्श्वभूमी थोडक्यात. मुंबईच्या एम-पूर्व विभागातल्या तीन वसाहतींचा (नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड, पीएमजी कॉलनी) डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटी मुंबई यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये समोर आला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना जेमतेम ३ मीटरवर, पीएमजीत मोकळ्या. क्षयरोगाचं प्रमाण पहिल्या दोघींत कितीतरी जास्त निघालं.

आता गणित. तळमजला अधिक सात, म्हणजे साधारण २४ मीटर उंची. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या तक्त्यात २४ मीटरला ८ मीटर मोकळी जागा आहे. जमिनीपासून दीड मीटरवरच्या, तळमजल्याच्या खिडकीच्या मध्यातून समोरच्या इमारतीचा माथा बघा. अंतर ३ मीटर असेल तर नजर ८२ अंशांपर्यंत वर न्यावी लागते, आकाश उरतं साडेसात अंशांचं. ८ मीटरला तेच साडेएकोणीस अंश होतं. चौथ्या मजल्यावरही ३ मीटरच्या गल्लीत जेमतेम सोळा अंश. गल्ली दक्षिणोत्तर असेल तर तळमजल्याच्या खिडकीला थेट ऊन मिळतं ते माध्यान्हीच्या एका बाजूला, अर्धा तास. बाकी दिवसभर ट्यूबलाइट.

आणि हे कागदावर नियमात बसतं! खिडकी जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश हवी, २०.९ चौरस मीटरच्या खोलीला साडेतीन चौरस मीटर. ती दिली की झालं. खिडकीसमोर काय आहे हे त्या अटीत कुठेच विचारलेलं नाही.

चटईक्षेत्र
असहमत. भावना समजते, पण जागा कुठून आणणार ते सांगा. विकासक पुनर्वसनाची घरं फुकट देतो, ती विक्रीच्या घटकातून, म्हणजे त्याच योजनेत बाजारभावाने विकलेल्या घरांच्या पैशातून. अंतर ३ चं ८ केलंत की त्याच भूखंडावर घरं कमी बसणार. उरलेल्यांनी काय करायचं? झोपडीतच राहायचं. तिथे दोन घरांत ३ मीटर सोडा, ३ फूट नसतात, आणि संडास सार्वजनिक. वाईट इमारत आणि चांगली झोपडी अशी निवड मुळात नाहीच.

शिवाय दाटी हा आजार नाही. दादर-गिरगावातल्या दाट वस्त्या चालायला सोयीच्या म्हणूनच टिकल्या. विरळ शहर म्हणजे गाड्या, धूर आणि मधुमेह.

क्षयपक्ष
मूळ लेखात कार्यकारणभाव फार घाईने जोडलाय. लल्लूभाई आणि नटवर पारेखमध्ये जे आले ते प्रकल्पग्रस्त. रोजगार तुटलेले, एका खोलीत सहासात माणसं, आधीच संसर्ग झालेले. क्षयाचा जंतू शरीरात वर्षानुवर्षं झोपून राहतो, जागा होतो तो कुपोषणाने, मधुमेहाने, दारूने. झारखंडात झालेल्या रेशन्स चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: रुग्णाच्या घरातल्यांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्यावर नवे क्षयरुग्ण ३९ टक्क्यांनी घटले, फुप्फुसाच्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी. भिंती एक इंचही हलल्या नव्हत्या.

मर्यादित पैसा असेल तर मी तो डाळीवर घालीन, सिमेंटवर नाही.

नकाशापलीकडे
@क्षयपक्ष, डाळ दरमहा द्यावी लागते. भिंत एकदाच बांधली जाते आणि पन्नास वर्षं उभी राहते. शिवाय डाळीचे पैसे सरकारचे, अंतराचे पैसे विक्रीच्या टॉवरचे. एकाच खिशातून दोन्ही काढायचे असल्यासारखा हा हिशोब झाला.

संसर्ग आणि आजार या दोन पायऱ्या आहेत हे मान्य. आहार दुसरी पायरी अडवतो. पहिली घडते ती हवेत. खोकल्यातून निघालेले सूक्ष्म कण तासन् तास तरंगतात. ते विरळ होतात वाऱ्याने, मरतात उन्हाने. लिमातल्या रुग्णालयांवरचा २००७ चा अभ्यास प्रसिद्ध आहे: उंच छत आणि मोठ्या खिडक्यांचे जुने कक्ष नव्या बंदिस्त कक्षांपेक्षा वायुविजनात कितीतरी सरस निघाले.

जुनी_चाळ
यात नवीन काहीच नाही, फक्त विसरलोय. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला तो आरोग्यासाठीच. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर १९१० च्या दशकात साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा पाठपुरावा करत होते. समोरच्या इमारतीचा माथा खिडकीच्या पायापासून त्याहून चढ्या कोनात दिसता कामा नये. साडेत्रेसष्ट अंशांचा टँजंट जवळजवळ नेमका २, म्हणजे मोकळी जागा उंचीच्या निम्मी. २४ मीटरला १२.

शंभर वर्षांत आपण १२ वरून ३ वर आलो, आणि मधल्या काळात पेनिसिलीन आलं म्हणून बहुधा कोणाला वाटलं की उन्हाची गरज संपली. (पेनिसिलीन क्षयावर चालत नाही, हा भाग वेगळा.)

चटईक्षेत्र
ऑर साहेबांना चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचं प्रमाण) विकून घरं बांधायची नव्हती.

वाराबंद
दोन्ही बाजू अंशांत अडकल्यात. ऊन आणि वारा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या प्रश्नात वारा मोठा.

इमारतीची उंची गल्लीच्या रुंदीच्या साधारण पाऊणपट झाली की वारा गल्लीत उतरत नाही, वरून घसरून जातो. २४ ला ३ म्हणजे आठपट. पण २४ ला ८ सुद्धा तिप्पट! म्हणजे संहिता पाळूनही आडवा वारा तळमजल्यापर्यंत येणार नाही. हवा फिरते ती गल्लीच्या लांबीला, टोकाकडून. मुंबईत वारा बहुतेक पश्चिमेकडून, पावसाळ्यात नैर्ऋत्येचा. तेव्हा गल्ली पूर्व-पश्चिम हवी. आता गंमत: पूर्व-पश्चिम गल्लीतल्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य भर दुपारी ४७-४८ अंशांवर, तळमजल्याला ऊन शून्य. वारा घ्या की ऊन घ्या. यातली तडजोड म्हणजे इमारत वाऱ्याच्या दिशेला ३० अंशांपर्यंत तिरपी ठेवणं. चौकोनी भूखंडात तिरपी इमारत म्हटलं की नकाशा काढणारा कोपरे वाया गेले म्हणून कपाळाला हात लावतो.

आणि घराच्या आत काय? मधोमध कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना घरं, प्रत्येकाला खिडकी एकाच भिंतीत. एका बाजूच्या खिडकीने हवा खेळते ती छताच्या उंचीच्या दोन ते अडीचपट खोलीपर्यंत, पावणेतीन मीटर छताला सहा मीटर धरा. स्वयंपाकघर आणि मोरी बहुतेक त्याच्यापलीकडे. दार उघडं ठेवलं तर आरपार वारा मिळेल, पण समोर दीड मीटरवर दुसऱ्याचं दार. कोण उघडं ठेवील?

घरगल्ली
+१. आणि खिडकी तरी कोण उघडतं? ३ मीटरची गल्ली म्हणजे वरच्या सात मजल्यांची कचरापेटी. तिथे मलवाहिन्यांचे सांधे गळतात, चेंबर तुंबतं, उंदीर. गल्ली साफ करायला माणूस वाकून शिरू शकतो, गाडी शिरत नाही. मग तळमजला, पहिला, दुसरा मजला खिडकीला प्लास्टिक लावून बसतो, वास आणि डास नकोत म्हणून. वायुविजनाचं गणित तिथेच शून्यावर येतं, अंश मोजायची गरज नाही.

आगीचा बंब फिरायला ६ मीटर लागतात हे तर कोणी काढलंच नाही अजून.

माहुलमार्गे
फक्त अंतरावर बोलून भागणार नाही. माहुलला पुनर्वसन झालं ते तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत. तिथल्या हवेबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच ताशेरे ओढले होते. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडं द्या असा आदेश दिला. तिथे दोन इमारतींत पन्नास मीटर सोडले असते तरी काय? खिडकी उघडली की बाहेरचीच हवा आत येणार. जमीन वापर आधी, अंतर नंतर.

चटईक्षेत्र
@माहुलमार्गे, हे पूर्ण मान्य. पण धाग्याचा प्रस्ताव तो नाही. माझा प्रश्न अजून तसाच आहे: ८ मीटर सोडल्यावर घरं किती बसतात? आकडा द्या, कविता नको.

नकाशापलीकडे
देतो. १०० मीटर बाय १०० मीटरचा एक हेक्टर धरू.

नियमावलीत पुनर्वसनाची घनता हेक्टरी किमान ६५० घरं. (किमान! कमाल मर्यादा नाही, यातच सगळं आलं.) घर २७.८८ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस फुटांचं. ६५० घरांचं १८,१२२ चौरस मीटर. भिंती, जिने, लिफ्ट, कॉरिडॉर मिळून ३५ ते ४० टक्के वाढवा, २५,००० धरा. आठ मजल्यांत भागलं की जमिनीवर ३,१०० च्या आसपास. मधोमध कॉरिडॉर असलेली इमारत १४ मीटर रुंद, तर एकूण लांबी सुमारे २२० मीटर. म्हणजे प्रत्येकी ७४ मीटरच्या तीन इमारती. १०० मीटरमधून त्यांचे ४२ गेले, ५८ उरले. मधल्या दोन गल्ल्या ऑर साहेबांच्या १२ मीटरच्या केल्या तरी कडांना १७-१७ मीटर उरतात.

९०० घरं घ्या. लांबी ३०६ मीटर, ७७ मीटरच्या चार इमारती, ५६ मीटर गेले. तीन गल्ल्या ८ मीटरच्या, कडांना १०-१०. बसतं.

१,२०० घेतलीत की पाच इमारती, लांबी ८० च्या वर, आणि गल्ल्यांना ५ मीटरही मिळत नाहीत. म्हणजे आठ मजल्यांत हेक्टरी ९०० च्या आसपास भूमिती साथ सोडते. ३ मीटरची गल्ली तिथून पुढे येते, किंवा जिथे पुनर्वसन भूखंडाच्या एका कोपऱ्यात कोंबून दर्शनी भाग विक्रीच्या टॉवरला ठेवला जातो तिथे. घरं बसत नाहीत हे कारण ६५० ला तरी खोटं आहे.

चटईक्षेत्र
आकडेमोड ठीक आहे, भूखंड चुकीचा आहे. मुंबईत १०० बाय १०० चा चौकोनी, सपाट, मोकळा हेक्टर दाखवा. प्रत्यक्षात ३,००० चौरस मीटरचा, एका बाजूने नाला, दुसरीकडून देऊळ आणि मधून सहा मीटरचा रस्ता. त्यात कडेची सामासिक अंतरंच अर्धी जागा खातात. लहान भूखंडाला सूट नाही दिली तर योजनाच उभी राहणार नाही.

मात्र कोपऱ्यात कोंबण्याबद्दल म्हणताय ते खरं आहे. तिथे माझी हरकत नाही. विक्रीच्या इमारतीला जे अंतर, तेच पुनर्वसनाला, अशी अट इरादापत्रात (योजनेच्या प्राथमिक मंजुरीत) घालता येईल. त्याला विकासक ओरडतील, पण मरणार नाहीत.

क्षयपक्ष
हे मला पटतं. कारण यात कोनाचा वाद उरत नाही. श्रीमंताच्या खिडकीला जे लागतं तेच गरिबाच्या.

पायवाट
उंच का नाही जात? १६ मजले करा, जमीन मोकळी होईल.

वाराबंद
@पायवाट, अंतर उंचीबरोबर वाढतं. ४० मीटरला संहितेत १२, ५० ला १४. मोकळी जागा वाढल्यासारखी दिसते पण कोन सुधारत नाही, उलट थोडा बिघडतो. आणि लिफ्ट. पुनर्वसनाच्या सोसायटीत कॉर्पस फंडाच्या (देखभालीसाठी ठेवलेल्या ठेवीच्या) व्याजात लिफ्टचं देखभाल कंत्राट आणि पंपाचं वीजबिल भागत नाही. लिफ्ट बंद पडली की बाराव्या मजल्यावरचा क्षयरुग्ण औषधाला खाली उतरत नाही. सात-आठ मजल्यांवर थांबायला कारण आहे.

जुनी_चाळ
नियम बदलायचाच तर रस्ता महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ चा. फेरबदलाची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत, हरकती, सुनावणी, मग शासनाची मंजुरी. हरकत नोंदवताना 'आरोग्याचा विचार व्हावा' असं लिहिलं तर ती फाइलला लागते आणि विसरली जाते. तक्ता लिहून द्या: अमुक उंचीला अमुक मीटर, शिथिलतेचा अधिकार वगळावा, लहान भूखंडाची सीमा अमुक. म्हणजे सुनावणीत उत्तर द्यावं लागतं.

घरगल्ली
आणि आधीच बांधलेल्या इमारतींचं? त्या तर पाडता येत नाहीत.

वाराबंद
@घरगल्ली, थोडं करता येतं. गल्लीकडच्या भिंतींना पांढरा रंग. प्रकाश परावर्तित होतो, पण वरच्या मळक्या पाण्याचे ओघळ थांबवले नाहीत तर दोन पावसाळ्यांत रंग काळा. तेव्हा आधी मलवाहिन्यांचे सांधे, मग रंग. दुसऱ्या मजल्याच्या पातळीला जाळी नको, तीवर कचरा अडकून छत तयार होतं आणि उरलासुरला उजेड जातो. दाराच्या वर झरोका काढला तर आरपार हवा मिळते, पण कॉरिडॉर हा आगीच्या वेळचा सुटकेचा मार्ग असल्यामुळे उघडा झरोका अग्निशमनवाले मान्य करत नाहीत. त्याऐवजी कॉरिडॉरची दोन्ही टोकं जाळीच्या भिंतीने उघडी करा आणि जिन्याच्या माथ्यावर वाऱ्यावर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर बसवा. कॉरिडॉरच्या टोकाला कोणीतरी पत्रा ठोकून सामान ठेवलेलं असतं. आधी तो पत्रा काढा.