राज्यशास्त्र शिकून नेमकं कामाला काय येतं?

राज्यशास्त्र घेतलं म्हटलं की लोक दोनच वाटा धरून चालतात: शिकवणं नाहीतर निवडणूक लढवणं. या विषयावर रोजचं काम चालणाऱ्यांनी इथे लिहावं. वर्गातलं काय उपयोगी पडतं, नवे लोक कुठे अडतात? आत्मकथा नको, कामाचं सांगा.

मतदार सर्वेक्षण
संशोधन पद्धतीचा पेपर रटाळ म्हणून टाळू नका, या क्षेत्रात त्याच्याशिवाय पान हलत नाही. यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे निवडलेल्या 1000 जणांच्या नमुन्यात त्रुटी साधारण ±3 टक्के धरतात. ती निम्मी करायची तर नमुना चौपट, म्हणजे 4000 लागतो. पण खरा घात प्रश्नावलीत होतो. ‘सरकारचं शिक्षण आणि आरोग्य धोरण तुम्हाला पटतं का?’ हे दोन प्रश्न आहेत. ‘हो’ आलं तरी कशाला, ते कळत नाही. आणि उत्तर न देणारे लोक देणाऱ्यांसारखेच असतील असं गृहीत धरलं, तर नमुना कितीही वाढवा, अंदाज चुकणारच. प्रश्नावली आधी 20-30 जणांवर तपासून घ्याच.

निवडणूक कायदा
प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात पक्षांना जागा, हे पाठ करण्यापेक्षा हाताने सोडवा. जागा 5, पक्ष तीन, मतं अ 1,00,000, ब 64,000, क 30,000. डी-हॉन्ट पद्धतीत प्रत्येकाची मतं 1, 2, 3 अशी भागत जायची आणि सगळ्यांत मोठे 5 भागाकार घ्यायचे. अ ला 3, ब ला 2, क ला भोपळा. सेंट-लाग्यू पद्धतीत भाजक 1, 3, 5. आता अ 2, ब 2, क 1. मतं तीच, पण पहिल्यात अ चं बहुमत, दुसऱ्यात आघाडीशिवाय सरकार नाही! हे एकदा कागदावर उतरवलं की निवडणूक कायद्यातल्या एका शब्दावर पक्ष का भांडतात ते उमगतं.

विधिमंडळ संशोधन
आमदाराला निबंध नको असतो. टिपण 2 पानांचं. शिफारस पहिल्याच परिच्छेदात, मग कोणतं कलम बदलायचं, खर्च किती, विरोध कोणाचा. नवे पदवीधर पहिलं पान पार्श्वभूमीत घालवतात, तोवर वाचणारा बैठकीला गेलेला असतो. मूळ विधेयक वाचा, बातमीवर विसंबू नका: बातमीत हेतू येतो, अपवादाचं पोटकलम राहून जातं.

अध्यापन
विद्यापीठात प्राध्यापकपदापर्यंत जायचं तर पीएचडी लागते. पदवीतच एखादा छोटा प्रबंध लिहून बघा. एकाच प्रश्नाला महिनोन्महिने चिकटून राहणं जमतं का, ते तिथे कळतं.