'कॉबलर'ला मराठीत काय म्हणावं?

रुजवात
आमच्या मंडळाच्या पाककृती-पुस्तिकेसाठी स्ट्रॉबेरी कॉबलरची कृती मराठीत लिहिते आहे. मी नॉर्थ कॅरोलायनात राहते. इथे एप्रिलच्या मध्यापासून शेतावर जाऊन आपल्या हाताने स्ट्रॉबेरी तोडून आणता येते, आणि त्या दिवसांत घरोघरी कॉबलर होतो. संपादकांनी कळवलं आहे की परकी नावं शक्यतो टाळा. संगणकाने भाषांतर केलं ते 'स्ट्रॉबेरी मोची'. इंग्रजीत कॉबलर म्हणजे जोडे सांधणारा, म्हणून. पण त्याच नावाचा तांदळाचा जपानी गोड पदार्थही असतो, म्हणजे घोळ दुप्पट.

ज्यांनी खाल्लेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अर्धा किलो स्ट्रॉबेरी चिरून तिला अर्धी वाटी साखर, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि लिंबाचा रस लावायचा, काचेच्या पसरट भांड्यात घालायची. मैदा, बेकिंग पावडर, थंड लोणी आणि ताक यांचं सैलसर पीठ चमच्याने ठिकठिकाणी वर सोडायचं. १९० अंश सेल्सिअसला ३५-४० मिनिटं. कडेने रस बुडबुडायला लागला आणि वरचं पीठ बदामी झालं की काढायचा.

दोन प्रश्न आहेत. पदार्थाला काय म्हणू? आणि वरच्या त्या पिठाच्या ढेपांना काय म्हणू? इथे त्यांना बिस्किट म्हणतात. मराठी वाचक ते वाचून पुडा फोडून वर बिस्किटं रचेल, अशी मला खरी भीती आहे.

उंबरठा
'फळांचं भानोळं' म्हणा, रुजवातताई. पाठारे प्रभूंच्या घरी कोबीचं, कोलंबीचं भानोळं, म्हणजे बेसनात कालवून भाजलेला पदार्थ, पिढ्यान्‌पिढ्या होत आलं आहे. ओव्हन नव्हता तेव्हा पातेल्याखाली निखारे आणि वरच्या झाकणावर निखारे. कोकणात तवसाचं धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, असंच व्हायचं. वर-खाली आच देऊन भाजण्याची रीत आपल्याकडे होती, तिचे शब्दही होते. आपण ते वापरायचं सोडलं आणि आता म्हणतो की मराठीत शब्द नाही.

जुनी वही
उंबरठा, रीत एक म्हणून पदार्थ एक होत नाही. भानोळ्यात सगळं एकजीव कालवलेलं असतं आणि चव तिखटामिठाची. इथे खाली फळ, वर पीठ, दोन्ही वेगळं कळलं पाहिजे. पुस्तिका हातात घेणारी बाई 'फळांचं भानोळं' वाचून बेसन शोधायला लागेल.

कॉबलरला कॉबलरच म्हणा. पाव आपण पोर्तुगीजांकडून घेतला, शब्दासकट घेतला, आणि आज तो वडापावात आहे. कुणाला परका वाटतो का?

शिवाय मूळ इंग्रजी नावाचा उगमही पक्का नाही. अमेरिकेत पदार्थाचं नाव म्हणून हा शब्द १८५९ सालापासून छापलेला सापडतो. कुणी त्याचा संबंध लाकडी वाडग्याच्या एका जुन्या नावाशी लावतात, कुणी म्हणतात वरचे ढीग दगडी फरसबंदीसारखे (इंग्रजीत कॉबलस्टोन) दिसतात म्हणून. ज्या नावाचा अर्थ त्यांनाच धड लागत नाही त्याचं भाषांतर कशाचं करणार?

साताऱ्याची
नावाचं तुम्ही ठरवा, मी स्ट्रॉबेरीबद्दल सांगते. माझं माहेर भिलारजवळचं. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या डब्यांत, जाते ती निवडक. बारकी, वेडीवाकडी, फार पिकलेली जॅम-क्रशला जाते. कॉबलरला तीच घ्या. चवीला जास्त असते आणि कापून शिजवायचीच आहे. आमच्याकडे डिसेंबर ते मार्च भरपूर मिळते.

एक महत्त्वाचं. साखर लावून ठेवली की स्ट्रॉबेरीला खूप पाणी सुटतं. कॉर्नफ्लोअर कमी पडलं तर वरचं पीठ खालून कच्चं, चिकट राहतं. भांडं बाहेर काढल्यावर निदान अर्धा तास हात लावू नका, रस तेवढ्यात आळतो.

आणि कृतीत 'लोण्याचं मोहन' असं कृपा करून लिहू नका. मोहन म्हणजे कडकडीत तापवलेलं तेल किंवा तूप. इथे लोणी फ्रीजमधलं गार हवं आणि ते बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं, वाटाण्याएवढ्या गुठळ्या राहतील इतपतच. त्या गुठळ्या भट्टीत वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ पदर सुटून फुगतं. कडकडीत मोहन घातलंत तर करंजीची पारी होईल.

उंबरठा
'चोळून' हा शब्द छान दिलात. ढेपांसाठी मी 'उंडे' सुचवतो. पुरणाचा उंडा सगळ्यांना माहीत आहे. 'उंडे सोडलेली स्ट्रॉबेरी' कानाला किती गोड लागतं.

पोदेराची पोर
थांबा. गोव्यात उंडो म्हणजे पाव. गोल, वरून कडक, आत मऊ. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवरून घेऊन येतो तो. गोव्यातल्या वाचकाने 'वर उंडे ठेवा' वाचलं तर तो कालचे उंडे ठेवील, आणि त्याचं काहीच चुकणार नाही. मराठी फक्त पुण्यात वाचली जात नाही.

उंबरठा
पुण्याचा इथे काय संबंध? माझं घर गिरगावात होतं. आणि एक शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरतात म्हणून तो टाकून द्यायचा, तर मराठीत शिल्लक काय राहील?

ठसका
मी वऱ्हाडातली. ढेपांना 'फळं' म्हणा की! वरणफळात कणकेच्या तुकड्यांना आपण फळंच म्हणतो. तिथे ती उकळत्या वरणात शिजतात, इथे उकळत्या रसावर. अमेरिकेतच असा एक प्रकार आहे, चुलीवर झाकण ठेवून फळांच्या रसात पिठाचे गोळे शिजवायचा. त्याला ग्रंट म्हणतात, फळं रटरटताना आवाज होतो म्हणून. मग वरणफळ आणि कॉबलर अगदीच परके नाहीत.

जुनी वही
'फळांवर फळं सोडा' असं लिहायचं? वाचणाऱ्याने काय करायचं?

रुजवात
सगळ्यांचे आभार. साताऱ्याची, 'चोळून' आणि अर्धा तास थांबायचं, दोन्ही घेते.

पण एक अडचण राहिलीच. मी वर दिली ती ढेपांची पद्धत. आमच्या शेजारच्या आजी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पद्धतीने करतात. भांड्यात लोणी वितळवायचं, त्यावर मैदा-साखर-दुधाचं पातळ पीठ ओतायचं, ढवळायचं नाही, आणि स्ट्रॉबेरी सगळ्यांत वर. भाजताना पीठ फुगून फळाच्या वर येतं आणि फळ खाली बसतं. तिथे ना उंडे ना फळं. आणि याच राज्याच्या सरी काउंटीत असाच पण जास्त रसाचा प्रकार करतात, त्याला सॉन्कर म्हणतात. म्हणजे नाव ढेपांवरून दिलं तर निम्म्या घरांचा कॉबलर बाहेर राहतो. मला दोन्ही कृती एकाच पानावर द्यायच्या आहेत.

साताऱ्याची
त्या आजींची पद्धत आवडली, करून बघते. त्याला बेकिंग पावडर किती?

रुजवात
त्या सेल्फ-रायझिंग पीठ वापरतात, त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेलं असतं. ते नसेल तर एका कपाला दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ. नुसता खायचा सोडा नको, दुधात आंबटपणा नसतो.

ठसका
जुनी वही, तुम्ही वरणफळाचा मुद्दा उडवून लावलात. यातलं 'फळ' झाडाचं नाहीच. बाणाच्या टोकाला फल म्हणतात, नांगराला फाळ असतो. आई कणीक लाटून शंकरपाळ्यासारखे तिरपे तुकडे कापायची, अगदी बाणाच्या टोकासारखे. माझ्या मते नाव तिथूनच आलं.

पोदेराची पोर
माझ्या सासरी गोल वाट्यांनी कापतात आणि चार टोकं चिमटून जोडतात. त्यात बाण कुठे?

जुनी वही
आणि आमच्याकडे त्याला चकोल्या म्हणतात. चकत्या कापतात म्हणून चकोल्या. ही व्युत्पत्ती निदान डोळ्यांना दिसते.

ठसका
चकोल्या वेगळ्या, वरणफळ वेगळं! चकोल्यांत चिंच-गूळ पडतो.

उंबरठा
आमच्याकडे दोन्हींत पडतो. आणि ताई, दोन्ही कृतींवर 'भानोळं' हे एकच नाव बसतं, कारण ते पिठाच्या आकारावर नाही, भाजण्याच्या रीतीवर आहे. माझं मत कायम आहे.

रुजवात
पुस्तिका शुक्रवारी छापायला जाते आहे. तोवर 'स्ट्रॉबेरी कॉबलर' लिहून ठेवलं आहे. ढेपांची जागा अजून रिकामी आहे.

ठसका
चकोल्यांत शेंगदाण्याचं कूट घालता का कुणी?