४७ व्या वर्षी गेमचं वेड लागणं नॉर्मल आहे का? (स्टारड्यू व्हॅली)

बँकवाला४७:
आधी हसून घ्या मग उत्तर द्या. मी गेम खेळणारा माणूस नाही, लहानपणी मित्राकडे कॅसेटवाला मारिओ होता तेवढंच, आणि तिथंही माझा नंबर यायच्या आत त्याची आई टीव्ही बंद करायची. दिवाळीत मुलगा आला होता, जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेला, त्यात हा गेम. आजोबा नातवाला ओसाड रान ठेवून गेलेत आणि नातू ऑफिस सोडून तिथं शेती करायला जातो, बास एवढीच स्टोरी. म्हटलं दहा मिनिटं बघू. घड्याळ बघितलं तर पावणेतीन आणि मी पार्सनिपला (मुळ्यासारखं काहीतरी आहे) पाणी घालतोय.
गावाकडं खरं तीन एकर आहे, वाट्यानं दिलंय, चार वर्षांत बांधावर उभा राहिलेलो नाही. आणि इथं २० तारखेला फ्लॉवर लावला, गेममधल्या ८० नाण्यांना एक बी, त्याला १२ दिवस लागतात आणि ऋतू २८ ला संपतो हे कळलंच नाही, उन्हाळ्याच्या पहिल्या सकाळी अख्खा वाफा वाळलेला. खरंच पोटात कालवलं हो. काल मीटिंगमध्ये साहेब एनपीएवर (थकीत कर्जांवर) बोलतायत आणि मी डायरीत २८ वजा १२ करतोय. हे असं सगळ्यांना होतं का? आणि तो मासा कसा पकडायचा, हिरवी पट्टी माशावर धरून ठेवायची असते, तर मासा एकीकडे हिरवी पट्टी भलतीकडे.

रात्रपाळी:
काका तुमचा दोष नाही, गेमच तसा आहे. दिवस सकाळी ६ ला सुरू, रात्री २ ला माणूस असेल तिथं कोसळतो, आपली साधारण १४ मिनिटं. आणि लॅपटॉपवर सेव्ह होतं फक्त झोपल्यावर. मधेच उठलात तर दिवस वाया म्हणून तो पुरा करायचा, आणि झोपलं की लगेच सकाळ, सकाळी काहीतरी पिकलेलं असतंच, ते तोडल्याशिवाय कोण उठतंय. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं चित्रं, संगीत, कोड सगळं स्वतः केलंय, साडेचार वर्षं खपून २०१६ ला काढला. बंद करायचा असेल तर सकाळी घराचं दार उघडायच्या आधी करा, अंगणात आलात की गेलात. माशासाठी विलीच्या मासेमारीच्या दुकानात २५ नाण्यांना ट्रेनिंग रॉड (शिकाऊ गळ) मिळतो, त्यात पट्टी मोठी येते, साधेच मासे लागतात पण हात बसतो.

कोरडवाहू:
त्या पार्सनिपचं चार दिवसात पीक?? आमचं सोयाबीन शंभर दिवस घेतं आणि काढणीला आलं की नेमका पाऊस. पुतण्याचा गेम बघितलाय मी, माल पेटीत टाकायचा, सकाळी पैसे जमा, अडत नाही हमाली नाही तोलाई नाही, भाव ठरलेला. असली बाजार समिती असेल तर मी पण पावणेतीनपर्यंत जागतो. तसा जागतोच म्हणा, मोटरची लाईट रात्रीचीच असते.

चहाबिस्किट:
मी कँडी क्रशवाली, त्यामुळे हसणार नाही. त्यात पाच लाइफ संपल्या की एकेक परत यायला अर्धा तास, मी पोळ्या लाटताना मोबाईलवर टायमर लावायचे आणि घरच्यांना वाटायचं कुकरसाठी आहे. तुमच्यात निदान गेम विकत घेतला की पुढं सारखे पैसे मागत नाहीत. पण दादा, वहिनींना काय सांगितलंत ते गाळलंत हं.

बँकवाला४७:
वहिनी शेजारी बसून सांगते कोंबड्यांना हात फिरवायचा राहिला म्हणून. ट्रेनिंग रॉड घेतला, पहिला मासा लागला रात्री साडेबाराला, ओरडलो ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. बुधवारी पिएरचं बियाणांचं दुकान बंद असतं हे मात्र कुणी सांगितलं नाही, फुकट चक्कर झाली. आणि परवा गावी फोन करून दादांना विचारलं पाऊस कसाय, रानात काय लावलंय. दादा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, पैसे पाहिजेत का रे?