थंडीतला निवडुंग: तुमचे अनुभव सांगा

थंडीत कुंडीतला निवडुंग कसा सांभाळता? ऐकीव नको, स्वतःच्या कुंडीत घडलेलं लिहा. सुरुवात मी करतो.

आठ वर्षं वाढवलेला गोल निवडुंग मी पाणी घालून घालवला. थंडीत तो आकसला, अंगावरच्या खाचा खोल गेल्या. मला वाटलं, तहानलाय. दर आठवड्याला पेलाभर पाणी देत राहिलो. महिन्याभराने बुडाशी बोट लावलं तर मऊ, तपकिरी. उचलायला गेलो तर मुळं मातीतच राहिली आणि तो हातात आला. गारठ्यात त्याची वाढ थांबते, मुळं पाणी ओढत नाहीत, माती ओलीच राहते आणि मूळकूज धरते. ते आकसणं दुखणं नव्हतंच, अंगातलं पाणी कमी करूनच तो थंडी काढतो. अजून हळहळ वाटते.

*

माझ्या मॅमिलेरियाला (छोट्या गोल निवडुंगाला) तीन वर्षं फूल नव्हतं. थंडी बाधेल म्हणून उबदार खोलीत ठेवायचे. ऊब भरपूर, ऊन कमी, त्यामुळे शेंडा फिकट आणि बारीक होऊन वर निघाला. (तो बारीक भाग पुन्हा कधीच भरत नाही.) चौथ्या वर्षी धीर करून ८ ते १० अंशांच्या उजेडाच्या खिडकीत ठेवला आणि पाणी पूर्ण बंद केलं. वसंतात डोक्याभोवती गुलाबी फुलांचं कडं आलं! रोज सकाळी आधी तिकडेच जायचे.

*

खुंटावर बसवलेल्या लाल गोळ्याच्या निवडुंगाचं कलम असेल तर मात्र एवढा गारठा नको. खालचा हिरवा खुंट उष्ण प्रदेशातला असतो. माझा एका थंडीत काळा पडला, वरचा गोळाही गेला.

*

ख्रिसमस कॅक्टसला तर कोरडं ठेवूच नका. तो वाळवंटातला नाही, ब्राझीलच्या जंगलात झाडांवर वाढणारा. मातीचा वरचा थर सुकला की थोडं पाणी हवंच. कळ्यांसाठी त्याला लांब, अंधारी रात्र लागते. आमच्याकडे दिवा उशिरापर्यंत चालू असायचा, तिथे एक कळी धरेना. संध्याकाळनंतर कोणी न वापरणाऱ्या खोलीत हलवला आणि काही आठवड्यांत प्रत्येक टोकाला कळी. मग हौसेने कुंडी पुन्हा बैठकीत आणली, तर निम्म्या कळ्या गळाल्या. कळ्या आल्यावर जागा बदलू नका.

*

काट्यांच्या बुडाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषणारी कीड. मी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने एकेक टिपते. कुंडी बदलताना मुळंही बघा, माझ्याकडे निम्मे तिथेच दडले होते.