डिसेंबरची सहल: वाड्याची उरलेली रक्कम अजून भरू नका

मंडळी,
सहलीच्या मुक्कामाला ठरवलेल्या वाड्यातच आम्ही काल रात्री होतो. सागवानी खांब, चौक, दिंडी दरवाजा, सगळं फोटोतल्यासारखंच आहे. पण खोल्या माडीवर आणि न्हाणीघर खाली, चौकाच्या पलीकडे. जिना भिंतीच्या पोटात. पायऱ्या उंच, कठडा नाही, धरायला नुसता वरून सोडलेला दोर. रात्री सासूबाईंना खाली नेताना मी पुढे उलटी उतरले, त्यांनी दोन्ही हातांनी माझे खांदे धरले होते. आपल्या यादीतले सत्तरीपुढचे तेवढे मोजा.
– धुळ्याची ताई

ताई,
वाडा समितीने बैठकीत ठरवलाय. ज्येष्ठांना खालची ओसरी देतो असं मालक फोनवर म्हणालेत. आता तारीख हलवली तर अजिंठा सोमवारी येतो, आणि सोमवारी लेणी बंद असतात.
– सहल समिती

वर मातीचं धाबं आहे की काढलं? आमच्या एरंडोलच्या घरी कडीपाटावर जाड माती होती. पावसाळ्याआधी वडील वर खारी माती पसरायचे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, आत माठाजवळ झोपावं असा गारवा.
– एरंडोलकर काका

काका, धाबं गेलं. वर पत्रे, खाली पीओपी. पहाटे पत्रा असा गारठतो की दोन रजया पुरल्या नाहीत. आणि समितीला सांगते, ओसरीला दार नाही, पडदा आहे. खाटा तीनच मावतात.
– ताई

जेवणाचं कोणी विचारलं का? डिसेंबर म्हणजे भरताच्या वांग्यांचा ऐन हंगाम. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी मिळणार नसेल तर खान्देशात जाऊन काय करायचं?
– फैजपूरच्या काकू

काकू, पनीर आणि नूडल्स. भरीत मागितलं तर ‘आधी सांगावं लागतं’ म्हणाले.
– ताई

जेवणाची व्यवस्था माझ्याकडे आहे, ती मी बघतो. मुद्दा जिन्याचा आहे. माले हाई पटत नही, भाऊ. माझी आई त्या जिन्याने रात्री उतरणार नाही.
– अमळनेरकर

रक्कम थांबवली आहे. तारीख तीच राहील. मुक्काम जळगावात, लिफ्ट असलेल्या हॉटेलात. तिथून अजिंठा साठेक किलोमीटर. वाडा दिवसाउजेडी बघू. आगाऊ दिलेले पैसे परत मागायला समितीनेच फोन करावा, बोलणं त्यांचं झालंय. तरीही ज्यांना माडीवरच राहायचंय त्यांनी शुक्रवारपर्यंत नावं द्यावीत.
– खजिनदार